कल्पित फुटबॉलमधील खेळाडूंची निवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ऑगस्ट महिना उजाडला, म्हणजे कचेऱ्यांतून, महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून व घराघरांतून एक चमत्कारिक सभा भरूं लागते. दहाबारा स्नेही एका मेजाभोवतीं, किंवा अलीकडे बहुधा आपापल्या संगणकासमोर बसतात, आणि एकेकजण क्रमानें प्रसिद्ध फुटबॉलपटूंचीं नांवें घेतो. जें नांव एकानें घेतलें तें दुसऱ्यास घेतां येत नाहीं. तासादोन तासांत प्रत्येकाजवळ पंधरासोळा नांवांची यादी तयार होते, आणि पुढील चार महिने तो तिला ‘माझा संघ’ म्हणतो. ह्या संघास मैदान नाहीं, गणवेश नाहीं, आणि त्यांतील एकाही खेळाडूस आपण त्यांत आहों ह्याची वार्ताही नाहीं. ह्या खेळास ‘फॅन्टसी फुटबॉल’ म्हणतात. आपण त्यास कल्पित फुटबॉल म्हणूं.

आपल्या इकडील पुष्कळ कुटुंबांतील तरुण मंडळी आज नोकरीनिमित्त अमेरिकेंत आहेत, व कचेरींतील सोबत्यांमुळें तीही ह्या खेळांत सहज ओढली जातात. त्यांच्या पत्रांतून वा संभाषणांतून हा शब्द ज्यांच्या कानीं पडला असेल, त्यांस त्याचा उलगडा व्हावा हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे. दुसरा हेतु असा कीं, कोणत्या जागेचा खेळाडू आधीं निवडावा व कोणत्या जागेचा मागाहून, हा जो ह्या खेळांतील मुख्य प्रश्न, त्याच्या मुळाशीं अर्थशास्त्रांतील एक सुंदर तत्त्व आहे. तें समजलें असतां खेळाबाहेरही उपयोगीं पडतें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण शाळेच्या पटांगणावर खेळतों तो फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ हातांतच असतो. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी असतात व मैदान शंभर यार्ड लांबीचें असतें. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तितकें सरकला तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोंचणें ह्यास ‘टचडाउन’ म्हणतात व त्याचे सहा गुण मिळतात.

ह्या खेळांत प्रत्येक गड्याचें काम ठरलेलें असतें. ‘क्वार्टरबॅक’ हा संघाचा सूत्रधार होय. प्रत्येक डावाच्या आरंभीं चेंडू त्याच्या हातीं येतो, व तो फेंकावा कीं दुसऱ्याच्या हातीं द्यावा हें तो ठरवितो. ‘रनिंग बॅक’ म्हणजे चेंडू छातीशीं धरून प्रतिपक्षाच्या गर्दींतून धांवणारा; त्यास आपण धावक म्हणूं. ‘वाइड रिसीव्हर’ दूरवर धांवत जाऊन फेंकलेला चेंडू झेलतो, तो झेलकरी. ‘टाइट एंड’ हा धिप्पाड गडी कधीं प्रतिपक्षास अडवितो, तर कधीं चेंडू झेलतो. आणि ‘किकर’ पायानें चेंडू उडवून खांबांमधून पार करतो. कल्पित संघांत मुख्यतः ह्या पांच जागा भरावयाच्या असतात. शिवाय एखाद्या खऱ्या संघाची सबंध बचावफळी एक नग समजून घेतली जाते.

ह्या खेळाचा उगम १९६२ सालीं झाला. ओकलंड येथील ‘रेडर्स’ संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख हे संघासमवेत पूर्वेकडील दौऱ्यावर असतां, न्यू यॉर्कच्या एका हॉटेलांत त्यांनीं स्कॉटी स्टर्लिंग ह्या वृत्तपत्रलेखकाच्या व संघाच्या एका कर्मचाऱ्याच्या साह्यानें त्याचे नियम आंखले. पुढील वर्षीं, म्हणजे १९६३ त, आठ मालकांची पहिली निवडसभा ओकलंड येथें विंकेनबाख ह्यांच्या घरीं भरली. त्या सभेंत सर्वप्रथम जें नांव घेतलें गेलें तें जॉर्ज ब्लांडा ह्या सूत्रधाराचें. जिम ब्राउन हा त्या काळचा अद्वितीय धावक त्याच्यामागून निवडला गेला. त्याच मोसमांत ब्राउननें १८६३ यार्ड धांवून तोंवरचा उच्चांक प्रस्थापित केला. म्हणजे आधीं सूत्रधार घ्यावा कीं धावक, हा वाद ह्या खेळाच्या जन्माबरोबरच जन्मला असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां गुणांची रीत पाहूं. निरनिराळ्या मंडळांचे नियम निरनिराळे असतात, तथापि सामान्य रीत अशी : धांवून किंवा झेलून मिळविलेल्या दर दहा यार्डांस एक गुण, धांवून वा झेलून केलेल्या टचडाउनचे सहा गुण, सूत्रधारानें फेंकीनें मिळविलेल्या दर पंचवीस यार्डांस एक गुण व फेंकीच्या टचडाउनचे चार गुण. पुष्कळ मंडळांत प्रत्येक झेलास आणखी एक गुण देतात. खरे सामने झाले कीं खेळाडूंच्या कामगिरीवरून हे गुण मांडावयाचे, आणि ज्या मालकाच्या खेळाडूंचे गुण अधिक तो त्या आठवड्याचा विजयी. दर आठवड्यास साधारणतः एक सूत्रधार, दोन धावक, दोन झेलकरी, एक टाइट एंड, धावक वा झेलकरी ह्यांपैकीं कोणीही एक जादा, एक किकर व एक बचावफळी इतके मैदानांत उतरवावयाचे, बाकीचे राखीव.

निवडीचा क्रम बहुधा नागमोडी असतो. बारा मालक असतील तर पहिल्या फेरींत क्रम एकपासून बारापर्यंत, व दुसरींत उलट बारापासून एकपर्यंत. ह्यामुळें पहिल्या मालकास १, २४, २५ व ४८ ह्या पाळ्या येतात. बाराव्यास १२, १३, ३६ व ३७. आणि सहाव्यास ६, १९, ३० व ४३. पहिल्यास सर्वोत्तम खेळाडू मिळतो खरा, परंतु त्यानंतर बावीस नांवें दुसऱ्यांच्या हातीं जाईपर्यंत त्यास मुकाट्यानें बसावें लागतें. त्यास दोन पाळ्या लागोपाठ मिळतात, परंतु पुन्हां दीर्घ उपवास घडतो. कोण केव्हां निवडावा ह्याचा विचार करतांना आपली पुढची पाळी किती दूर आहे हें ध्यानांत ठेवणें म्हणूनच अगत्याचें असतें.

नवशिक्या मनुष्य सहज म्हणतो, “जो सर्वांत अधिक गुण मिळवील तोच प्रथम घ्यावा, ह्यांत विचार तो काय करावयाचा?” आणि सर्वांत अधिक गुण तर बहुधा सूत्रधारच मिळवितात. पेटन मॅनिंग ह्या सूत्रधारानें २०१३ सालीं ५४७७ यार्ड फेंक केली व ५५ टचडाउन फेंकले. इतके गुण कोणा धावकास कोठून मिळणार? असें असतांही जाणते मालक सूत्रधारास पुष्कळ मागाहून निवडतात. ह्याचें कारण एका उदाहरणानें स्पष्ट होईल. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं कल्पिलेले आहेत.

समजा, मोसमाच्या अखेरीस पहिल्या क्रमांकाच्या सूत्रधाराचे ३७० गुण होतात व बाराव्याचे २९०. पहिल्या धावकाचे ३१० होतात व चोविसाव्याचे १७०. बारा मालकांस प्रत्येकीं एक सूत्रधार पुरतो, म्हणजे बाराव्यापेक्षां हलका सूत्रधार कोणासही घ्यावा लागत नाहीं. धावक मात्र प्रत्येकास दोन हवेत, म्हणजे चोवीस. म्हणून सूत्रधाराची खरी किंमत ३७० नव्हे, तर ३७० वजा २९०, म्हणजे ८० होय. कारण २९० गुणांचा सूत्रधार तर कोणासही मिळणारच आहे. धावकाची खरी किंमत ३१० वजा १७०, म्हणजे १४० होय. ज्याचे एकंदर गुण साठांनीं कमी, तोच साठांनीं अधिक मोलाचा ठरला!

हाच हिशेब दोन मालकांच्या निवडींवरून पडताळून पाहूं. दोघांसही पहिली पाळी आली आहे अशी कल्पना करा. पहिल्या मालकानें आरंभीं ३७० गुणांचा सूत्रधार घेतला. चोविसाव्या पाळीस त्यास २१० गुणांचा धावक मिळाला, व आठव्या फेरींत, म्हणजे शहाण्णवाव्या पाळीस, १३० गुणांचा झेलकरी. बेरीज ७१०. दुसऱ्यानें आरंभीं ३१० गुणांचा धावक घेतला, चोविसाव्या पाळीस २२० गुणांचा झेलकरी, आणि आठव्या फेरींत उरलेल्यांपैकीं २९० गुणांचा सूत्रधार. बेरीज ८२०. जागा त्याच, पाळ्या त्याच. केवळ क्रम बदलल्यानें ११० गुणांचा फरक पडला. सतरा सामन्यांवर वांटला तर दर सामन्यास साडेसहा गुण. आणि ह्याहून कमी अंतरानें कित्येक आठवड्यांचे निकाल लागतात.

आपल्या नित्याच्या व्यवहारांत हें तत्त्व आपण न शिकतांच पाळीत असतों. घरीं लग्नकार्य निघालें म्हणजे जाणती गृहिणी बाजारहाटाची यादी किंमतीच्या क्रमानें करीत नाहीं. सोनें महाग खरें, परंतु तें पेढीवर उद्यांही मिळेल. आचारी व कार्यालय हीं मात्र मुहूर्ताच्या दिवसांत आधीं ठरविलीं नाहींत तर मिळत नाहींत. म्हणून आधीं तीं ठरवावयाचीं. जें मौल्यवान तें आधीं, असा नियम नसून, ज्याच्या जागीं मागाहून तितकें चांगलें दुसरें मिळणार नाहीं तें आधीं, असा नियम आहे. अमेरिकेंत ह्या विचारास गेल्या शतकाच्या अखेरीस जो ब्रायंट ह्या लेखकानें पद्धतशीर रूप दिलें, व तेव्हांपासून निवडीच्या सर्व चर्चेचा तो पाया होऊन राहिला आहे.

ह्यावरून एक गोष्ट ओघानेंच निघते. मंडळाचे नियम बदलले कीं खेळाडूंचें मोलही बदलतें. कांहीं मंडळांत प्रत्येकास दोन सूत्रधार उतरवितां येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेंत संघ अवघे ३२. म्हणजे नियमानें खेळणारे सूत्रधारही अवघे ३२. बारा मालकांस चोवीस हवे झाले, तर पुरवठा तत्काळ तुटपुंजा होतो, आणि जो सूत्रधार आठव्या फेरींत मिळत होता तोच पहिल्या फेरींत घ्यावा लागतो. त्याचप्रमाणें झेलास एक गुण असेल तेथें झेलकऱ्याचें वजन वाढतें : धावकानें ५० यार्ड धांवले तर ५ गुण, परंतु झेलकऱ्यानें पांच झेलांत तितकेच यार्ड मिळविले तर १० गुण. म्हणून निवडसभेस जाण्यापूर्वीं नियमांचा कागद वाचणें हीच पहिली युक्ति होय. परीक्षेंत प्रश्न न वाचतां उत्तर लिहावयास बसणाऱ्या विद्यार्थ्यांस हें वेगळें सांगावयास नको.

वरील हिशेबामुळें पूर्वीं बहुतेक मालक पहिल्या दोन फेऱ्यांत दोन धावकच घेत. लाडेनियन टॉमलिन्सन ह्या धावकानें २००६ सालीं ३१ टचडाउन केले, तेव्हां तर ह्या पद्धतीवर जणूं शिक्कामोर्तब झालें. परंतु तिच्यांत एक वैगुण्य आहे. धावकाचें काम अतिशय अंगमेहनतीचें. प्रत्येक धांवेस त्यास आडदांड गड्यांच्या धडका सोसाव्या लागतात. २०१७ सालीं डेव्हिड जॉन्सन ह्या धावकास अनेक मंडळांत सर्वप्रथम निवडलें गेलें. पहिल्याच सामन्यांत त्याचें मनगट निखळलें व तो त्या वर्षीं पुन्हां खेळला नाहीं. २०२४ सालीं क्रिश्चन मॅकॅफ्री हा पुष्कळांची पहिली निवड होता. दुखापतींमुळें त्यास चारच सामने खेळतां आले.

ह्या अनुभवांतून उलट विचार निघाला. २०१३ सालीं शॉन सीगेल ह्या लेखकानें ‘झीरो आर. बी.’ ह्या नांवानें अशी पद्धति मांडली कीं, आरंभींच्या फेऱ्यांत धावक मुळींच घेऊं नये. आधीं उत्तम झेलकरी व टाइट एंड घ्यावेत, आणि धावक मागाहून पुष्कळसे स्वस्तांत गोळा करावेत. मोसमांत मोठमोठे धावक जायबंदी होणारच. तेव्हां त्यांच्या जागीं जे दुय्यम धावक पुढें येतील ते आपल्या राखीव बांकावर असावेत. इतरांच्या योजना ज्या अनिश्चिततेनें मोडतात, तिच्यावरच ही योजना उभारलेली आहे. अर्थात् हिलाही धोका आहेच : दुय्यम धावकांपैकीं नेमका कोण पुढें येईल हें कोणास सांगतां येतें? म्हणून कित्येकांनीं मध्यम मार्ग काढला : पहिल्या फेरींत एक भरंवशाचा धावक, नंतर तीनचार फेऱ्या झेलकरी, व मग धावकांची भरती.

सूत्रधाराविषयीं मात्र बहुतेकांचें मत स्थिरावलें आहे. २०१२ सालीं जे. जे. झकारियासन ह्यांनीं सूत्रधार उशिरां निवडावा असें प्रतिपादन करणारें एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. त्यानंतरच्या अनुभवानें त्यास दुजोरा दिला. २०१८ त पॅट्रिक माहोम्स ह्यानें, पूर्ण मोसम खेळण्याच्या पहिल्याच वर्षीं, ५० टचडाउन फेंकले. २०१९ त लामार जॅक्सन ह्यानें ३६ टचडाउन फेंकून वर १२०६ यार्ड धांवून मिळविले. दोघेही त्या त्या वर्षीं उशिरांच्या फेऱ्यांत मिळत होते. झेलकऱ्यांतही असे चमत्कार घडतात : २०२१ सालीं कूपर कप ह्यानें १४५ झेल, १९४७ यार्ड व १६ टचडाउन अशी कामगिरी केली, आणि निवडीच्या वेळीं तो कोणाच्या पहिल्या पसंतीचा नव्हता.

टाइट एंडची गोष्ट निराळी. ह्या जागेवर एकदोन गडी फार वरचढ असतात व बाकीचे जवळजवळ सारखे. ट्रॅव्हिस केल्सी ह्यानें २०२० सालीं १४१६ यार्ड मिळविले. उत्तम झेलकऱ्यास शोभेल अशी ही कामगिरी. असा एखादा मिळत असेल तर लवकर घ्यावा. तो गेला, तर घाई न करितां पुष्कळ थांबावें. मधल्यामध्यें घेण्यांत लाभ नाहीं. किकर व बचावफळी ह्यांचे गुण आगाऊ सांगतां येत नाहींत, व पहिल्यांत व बाराव्यांत अंतरही थोडें. म्हणून तीं अगदीं शेवटच्या दोन फेऱ्यांत घ्यावीं, ह्याविषयीं फारसा मतभेद नाहीं.

प्रत्यक्ष सभेंत उपयोगी पडणारी आणखी एक युक्ति सांगून हा भाग पुरा करूं. खेळाडूंची एकाखालीं एक अशी लांबलचक यादी करण्याऐवजीं, प्रत्येक जागेच्या खेळाडूंचे सारख्या योग्यतेचे गट पाडावेत. एका गटांत पांच झेलकरी उरले असतील व दुसऱ्या गटांत एकच धावक, तर धावक घ्यावा. कारण पुढच्या पाळीपर्यंत पांचांतला एखादा झेलकरी उरेल, धावक उरणार नाहीं. कधींकधीं लागोपाठ चारपांच मालक एकाच जागेचे गडी उचलूं लागतात, आणि बाकीच्यांच्या पोटांत भीतीचा गोळा उठतो. अशा वेळीं मेंढरांप्रमाणें मागोमाग जाऊं नये. आपल्या गटांकडे पाहावें. सर्वजण एका दिशेस धांवत असतां दुसऱ्या दिशेस उत्तम माल पडून राहिलेला असतो.

येथें पालकवर्ग विचारील, “हा जुगारच नव्हे काय?” प्रश्न रास्त आहे. स्नेह्यांनीं पैशावांचून खेळलेला हा खेळ जुगार नव्हे, हें उघड आहे. पैसा शिरला कीं रेषा पुसट होते. अमेरिकेनें २००६ सालीं ऑनलाइन जुगाराविरुद्ध कायदा केला, त्यांत अशा खेळांस कांहीं अटींवर वगळलें. निकाल मुख्यतः ज्ञानावर व कौशल्यावर अवलंबून असावा ही त्यांतील एक अट होय. आपल्याकडे ‘ड्रीम इलेव्हन’ ही कंपनी २००८ सालीं मुंबईंत निघाली व क्रिकेटच्या कल्पित संघांचा खेळ तिनें देशभर पसरविला. तथापि ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें नवा कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांस बंदी केली, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे. ह्यामागील विचार समजण्याजोगा आहे. वर वर्णिलेली सर्व हुशारी लढविली तरी मनगट निखळावयाचें तें निखळतेंच. कौशल्यानें जय अधिक संभवनीय होतो, निश्चित होत नाहीं. आणि हा भेद विसरून तरुण मनुष्य जेव्हां घरचा पैसा लावतो, तेव्हां हानि त्या एकट्याची होत नाहीं.

ह्याहूनही गंभीर अशी एक गोष्ट आहे. महिनोगणती खेळाडूंस आंकड्यांच्या रूपांत पाहिल्यावर, तीं माणसें आहेत ह्याचाच विसर पडतो. २ जानेवारी २०२३ रोजीं सिनसिनाटी येथें बफेलो व सिनसिनाटी ह्या संघांचा सामना चालला होता. बहुतेक कल्पित मंडळांचा अंतिम निकाल त्याच आठवड्यांत लागावयाचा होता व ह्या सामन्यांतील अनेक नामांकित गड्यांवर हजारों मालकांचे डोळे लागले होते. पहिल्याच सत्रांत बफेलोचा डामार हॅमलिन हा चोवीस वर्षांचा तरुण एका गड्यास अडवून उठला आणि तत्क्षणीं कोसळला. त्याचें हृदय थांबलें होतें. मैदानावरच उपचार करून तें पुन्हां सुरू करण्यांत आलें. सामना थांबविला गेला, व पुढें रद्दच झाला. त्या रात्रीं कित्येक मंडळांनीं गुण मोजण्याचें सोडून विजेतेपद वांटून घेतलें. मुलांस खेळणीं वाटण्यासाठीं हॅमलिननें २०२० सालीं एक निधि उघडला होता, त्याचें उद्दिष्ट अवघें २५०० डॉलरांचें होतें. अनोळखी लोकांनीं थोड्याच दिवसांत त्यांत ८० लाखांहून अधिक डॉलर घातले. हॅमलिन बरा झाला, आणि त्याच वर्षाच्या पुढील मोसमांत पुन्हां मैदानांत उतरला.

विद्यार्थिमित्रहो, ह्या लेखांतील आंकडे तुम्ही विसरलां तरी चालेल. हा खेळ तुम्ही कधींही खेळलां नाहीं तरी कांहीं बिघडत नाहीं. परंतु तुमच्यापुढें निवडीचे प्रसंग पुष्कळ येतील. अभ्यासाचे विषय अनेक व वेळ थोडा, अशी स्थिति तर प्रत्येक फेब्रुवारींत येतेच. अशा वेळीं ‘ह्यांत सर्वांत मोठें काय?’ एवढेंच विचारूं नका. ‘आज हें सोडलें तर उद्यां ह्याच्या जागीं काय मिळेल?’ हेंही विचारा. आणि आंकडे मांडतांना, प्रत्येक आंकड्यामागें ज्याचें मनगट निखळूं शकतें असा एक मनुष्य उभा आहे, हें मात्र कधींही विसरूं नका.